बारकोडबाबाची लाल ज्योत

टुलागमच्या शेतकी प्रदर्शनाचा हॉल म्हणजे वर्षातून एकदा भोपळ्यांना आणि जामच्या बरण्यांना बक्षिसं वाटायची जागा. पण त्या शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. उसाचा हंगाम ऐन भरात, कारखान्याची चिमणी दिवसरात्र धूर ओकतेय, आणि तरी माणसं ट्रॅक्टर बांधावर सोडून आली होती. दाराशी सॉसेज भाजणाऱ्या पोरांचा धंदा तेजीत होता. आत सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या.

मंचावर ओरायन ब्लेझ उभा होता. पांढरा झगा, अनवाणी पाय, खांद्यावर रुळणारे केस आणि हातांत घातलेले पांढरे रेशमी हातमोजे. डोळ्यांवर काळी पट्टी. ती पट्टी त्याने गावच्या पोलिसाकडूनच, सार्जंट मुलरकडूनच बांधून घेतली होती. "घट्ट बांधा, साहेब. उजेडाचा कणसुद्धा नको. मला डोळे लागत नाहीत."

"दवाखान्यात तुमचं रक्त काढतात," ओरायनने सुरुवात केली. आवाज मधात भिजवून काढल्यासारखा. "काचेच्या नळीत कोंडतात. आणि त्या नळीवर काय चिकटवतात? काळ्या रेघा! कधी नीट पाहिल्यात? ते गज आहेत, मित्रांनो, तुरुंगाचे गज! पण रक्ताला आठवण असते. ते त्या रेघांमधून हाका मारतं. ऐकणारा हवा."

डॉक्टर रोझाल्बा टॉरिसी तिसऱ्या रांगेत बसून हे ऐकत होती. ती गावातली एकुलती एक डॉक्टर, आणि त्या काळ्या रेघा तिच्याच दवाखान्यातल्या. रक्त काढलं की यंत्रातून एकसारखे तीन स्टिकर निघत. एक नळीवर, एक प्रयोगशाळेच्या कागदावर, आणि एक रुग्णाच्या हातातल्या चिठ्ठीवर. नळ्या संध्याकाळच्या गाडीने किनाऱ्यावरच्या शहरात जात, तिथलं यंत्र रेघा वाचून कुणाचं रक्त ते ओळखे, आणि दुसऱ्या दिवशी आकडे दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर येत. स्टिकरवर नाव नाही, गाव नाही. रेघा आणि एक नंबर, बस.

तिला इथे ओढून आणलं होतं तिच्या काकांनी. सॅल्व्होकाका, चुलते, वय सत्तरीपार, उसाच्या शेतात हाडं झिजवलेला माणूस. बाप गेल्यावर त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"बघ आता," काका तिच्या बरगडीत कोपर मारत म्हणाले. "तुझ्या कॉलेजात असलं शिकवलं होतं का?"

मंचावर एकेक जण आपली चिठ्ठी घेऊन जात होता. ओरायन चिठ्ठी तळहातावर ठेवायला लावी आणि रेघांवरून उजव्या हाताचं बोट फिरवी. मग चमत्कार व्हायचा. बोटाच्या टोकाशी, रेशमाच्या आतून, लाल उजेड फुटायचा.

"ज्योत! ज्योत!" लोक कुजबुजायचे. पुढच्या रांगेतल्या दोघी तर डोळे पुसत होत्या.

मग ओरायन "हूंऽऽ" करायचा. जुन्या फ्रिजसारखा बराच वेळ घुमायचा. आणि घुमून झालं की धडाधड बोलायचा: "ब्रायन… ब्रायन कोस्टा. रक्तात चरबी. सहा पूर्णांक आठ. यकृतावर ताण, ब्रायन. बिअर कमी कर, भावा."

ब्रायन पांढराफटक. आकडा बरोबर होता. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट.

पाठोपाठ नोएलीन हॅगर्टी वर गेली. शाळेच्या कँटीनमधून नुकतीच निवृत्त झालेली, नटायची हौस असलेली बाई. बोट फिरलं, ज्योत पेटली, फ्रिज घुमला.

"नोएलीन. जन्म एकोणीसशे सदतीसचा."

"सदतीस?" नोएलीन किंचाळली. "सत्तावन्न! मी काय माझ्या मावशीच्या वयाची आहे?"

हॉलमध्ये हशा पिकला. ओरायन गालात हसला. "शरीर सत्तावन्नचं, ताई. आत्मा वीस वर्षं आधी आला होता. वाट बघत होता."

"आँ!" नोएलीनचा राग तिथेच विरघळला. लोक थक्क.

रोझाल्बा मात्र ताठ झाली. सदतीस! गुरुवारी नोएलीनचे मूत्रपिंडाचे आकडे पाहताना तिला दिसलं होतं की दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये जन्मसाल टाइप करताना पाचाच्या जागी तीन पडलाय. तिने काउंटरवरच्या ग्लेनिसला दुरुस्त करायला सांगितलं होतं. ते अजून झालं नव्हतं. म्हणजे ही अगाध दिव्यदृष्टी रक्त वाचत नव्हती. ती दवाखान्यातल्या टायपिंगच्या चुका वाचत होती.

ती उभी राहिली. "एक मिनिट. मला एक विचारायचंय."

"डॉक्टरबाई, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमचं गिऱ्हाईक तुटतंय म्हणून पोटात दुखतंय होय?" दुसरा म्हणाला. हूटिंग सुरू झालं. काकांनी तिचा दंड धरून खाली बसवलं. "लाज काढू नकोस गं माझी."

एवढ्यात ओरायनने गेल्या काही शनिवारांसारखाच दुसरा खेळ मांडला. सोनेरी टिकल्या. नाण्याएवढ्या, चकचकीत, चिकटणाऱ्या. "पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा ही टिकली नळीवरच्या रेघांवर लावा. गज तुटतील. आजार रक्तातून पुसला जाईल. आणि याचा पुरावा मी नाही देणार, त्यांचंच यंत्र देईल!"

पुरावा खरंच आला होता. गेले काही आठवडे लोक दवाखान्यातून निघताना, नळ्यांच्या ट्रेजवळून जाता जाता, गुपचूप आपल्या नळीला टिकली डकवत होते. शहरातल्या यंत्राला रेघाच दिसत नव्हत्या. नळी कुणाची ते कळेना, म्हणून ती बाजूला पडे, आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर नावापुढे येई: 'अहवाल नाही.' दवाखान्यातून फोन जायचा की पुन्हा रक्त द्यायला या. लोक हसून फोन ठेवायचे. अहवाल नाही म्हणजे आजार नाही! खुद्द यंत्रानेच सांगितलंय!

"माझापण अहवाल नाही आला," काका तिच्या कानाशी लागून म्हणाले. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "साखर गेली, पोरी. आज सकाळी इन्सुलिन टोचलंच नाही."

रोझाल्बा उठलीच. काकांचं स्वादुपिंड एका जुन्या दुखण्यात पार निकामी झालं होतं. इन्सुलिन त्यांच्यासाठी औषध नव्हतं, श्वास होता.

"काका, चला घरी. आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर टोचायचं."

"बरं बरं, टोचतो. तू नको येऊस. मी काय कुकुलं बाळ आहे?"

तिने विश्वास ठेवला. तिथेच चुकलं.

रविवारी चर्चमधून आल्यावर आगातीनाकाकू त्यांना जेवायला हाक मारत राहिल्या. काका ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जमिनीवर पडलेले सापडले. ओठ कोरडे, श्वास खोल आणि धापा टाकल्यासारखा, तोंडाला सडक्या फळांचा वास. रोझाल्बा पोचली तेव्हा ते तिला ओळखत नव्हते. तिने सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं, आणि रुग्णवाहिकेत त्यांच्या उशाशी बसून शहरापर्यंत गेली. वाटेत दोनदा तिला वाटलं की संपलं.

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. काळा झगा, काळी शाल, डोळ्यांत टिपूस नाही.

"जगतील का गं?"

"सोमवार गेला तर जगतील."

काकूंनी शालीच्या गाठीतून सोनेरी टिकल्यांचं पुडकं काढलं आणि तिच्या हातावर आपटलं. "हे त्यांच्या उशीखाली होतं. मला त्या मेल्याच्या नरड्याला हात घालायचाय. कसा घालायचा ते तू सांग."

सोमवार गेला. काका जगले.

मंगळवारी सकाळी रोझाल्बाने दवाखाना उघडायच्या आधी ग्लेनिसला आत बोलावलं. ग्लेनिस ही काउंटर सांभाळणारी, गावातल्या प्रत्येकाची खबर ठेवणारी, गेल्या वर्षी नवरा गेलेली बाई. रोझाल्बाने आडवळण घेतलं नाही.

"ग्लेनिस, तुझा पासवर्ड ओरायनकडे आहे ना?"

ग्लेनिसचा चेहरा क्षणात पडला, पण ती खोटं बोलली नाही. "तो म्हणाला, त्याला आपली विद्या ताडून बघायची असते. आधी तो रेघांतून ऐकतो, मग त्याची ती मदतनीस, स्काय, गाडीत बसून कॉम्प्युटरवर खात्री करते. म्हणजे चूक होऊन कुणाला त्रास नको."

"आधी ऐकतो आणि मग खात्री करतो?"

"हो."

"मग नोएलीन सदतीसची कशी झाली? तिच्या रक्ताला आपली टायपिंगची चूक कुणी सांगितली?"

ग्लेनिसने टेबलावरची स्टिकरची गुंडाळी मुठीत घेतली. मग हुंदका फुटला. "त्याने मला माझ्या हॅरीचा निरोप दिला होता गं. हॅरी म्हणतो, बागेतल्या लिंबाला पाणी घाल. लिंबाचं त्याला कसं कळलं?"

"तुझ्या अंगणात लिंब आहे ते रस्त्यावरून दिसतं, ग्लेनिस."

रोझाल्बाला तिचा राग आला होता, आणि तो राग गिळायलाही तिला वेळ लागला. ती म्हणाली, "ही गळती आपल्या दवाखान्यातून झाली. मी आजच वर कळवणार आहे. तुझं काय होईल ते माझ्या हातात नाही. पण वरून परवानगी मिळाली तर शनिवारपर्यंत तुझ्या पासवर्डला फक्त एकच खोटा रुग्ण दिसेल. बाकी सगळं बंद. चालेल?"

ग्लेनिसने नाक पुसलं. "एकच रुग्ण दिसला तर त्यांना शंका नाही का येणार?"

"पहिला नंबर आगातीनाकाकूंचा लावायचा. दुसऱ्याची वेळच येणार नाही."

ग्लेनिस प्रथमच सरळ बसली. "हॉलमधल्या रांगेचे नंबर लावायचं काम माझ्याकडेच असतं," ती म्हणाली.

वरची परवानगी आली, सार्जंट मुलरला विश्वासात घेतलं गेलं, आणि शनिवार उजाडला.

हॉल पुन्हा गच्च. सॅल्व्होकाका शहरातल्या रुग्णालयात आहेत हे गावात पसरलं होतं, पण त्यालाही ओरायनकडे उत्तर तयार होतं. "सॅल्व्होभाऊंनी टिकली उलटी लावली," तो खेदाने म्हणाला. "गज आत वळले." लोकांनी हळहळून माना डोलावल्या. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या रोझाल्बाने दोन्ही मुठी खिशात घट्ट दाबल्या.

सार्जंट मुलरने पट्टी बांधली. आज जरा जास्तच मनापासून.

"पहिला जीव पुढे येऊ दे," ओरायन म्हणाला. "बोलायचं नाही. नाव सांगायचं नाही. रक्तच बोलेल."

आगातीनाकाकू मंचावर चढल्या. साडेचार फूट उंची, काळा झगा, काळी शाल, गळ्यात क्रूस. त्यांनी तळहातावर चिठ्ठी ठेवून हात पुढे केला. बोट फिरलं. लाल ज्योत पेटली. फ्रिज घुमू लागला.

"हूंऽऽ… ऑगस्ट," ओरायन म्हणाला. "ऑगस्ट पेनरोझ."

मग कुठेतरी कुणीतरी फिसकन हसलं.

"ये, ऑगस्ट, लाजू नकोस. एक्केचाळीस वर्षांचा तगडा गडी तू. पण तुझं रक्त रडतंय, भावा."

हसू वाढलं. बिचाऱ्याला ते भारावलेल्या लोकांचे हुंदके वाटले असावेत. त्याला आणखी चेव आला.

"प्रोस्टेटचा आकडा वाढलाय, ऑगस्ट. हे दुखणं पुरुषी अहंकाराचं. वडिलांचा धाक घेतलास लहानपणी. बायकोपाशी मन मोकळं करत नाहीस. दाढीसुद्धा रागाने करतोस!"

आता पहिल्या रांगेतली माणसं खुर्च्यांवरून घसरायच्या बेताला आली. ब्रायन कोस्टा टोपी तोंडात कोंबून हसत होता. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ओरायनचं सगळं आख्यान संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग बोलल्या.

"दाढी मी कधीच करत नाही रे मेल्या."

बाईचा आवाज ऐकून ओरायनने पट्टी वर सरकवायचा प्रयत्न केला. ती सरकेना. सार्जंटची गाठ होती. अखेर ओढून काढली तेव्हा समोर गळ्यात क्रूस घातलेली म्हातारी उभी.

"हे… हे मागच्या जन्माचं रक्त आहे!" तो चाचरला. "मावशी, तुम्ही गेल्या जन्मी—"

"मागच्या जन्मी ते बीट होतं," रोझाल्बा मागून चालत येत म्हणाली. तिच्या हातात एक नळी होती. लालभडक, वर बारकोडचा स्टिकर. "ऑगस्ट पेनरोझ नावाचा माणूसच नाही. मी त्याला बुधवारी कॉम्प्युटरवर जन्माला घातला. आकडे माझ्या मनाचे. त्याच्याच नंबरची चिठ्ठी काकूंच्या हातात आहे. आणि नळीत माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या बीटचं पाणी. बर्गरमध्ये घालतो ना आपण, तेच. या बीटला वडिलांचा धाक होता म्हणे!"

हॉल दणाणून गेला. त्या गोंधळात ओरायन हळूच मागच्या दाराकडे सरकू लागला, पण काकूंनी त्याचा उजवा हात धरला आणि हातमोजा खसकन ओढला.

तर्जनीत एक जाडजूड काळी अंगठी होती. अंगठीच्या पोटातून लाल उजेड.

"ही घ्या ज्योत!" काकू म्हणाल्या.

रोझाल्बाने अंगठी काढून वर धरली. "पार्सलच्या गोदामात कामगार ही बोटात घालतात. खोक्यावरच्या रेघा वाचून नंबर बिनतारी कॉम्प्युटरला पाठवायला. सुपरमार्केटच्या काउंटरवर रोज हाच लाल उजेड तुमच्या दुधाच्या बाटलीवर पडतो. तिथे कुणी डोळे पुसत नाही." तिने चहाच्या टेबलावरून बिस्किटांचा पुडा उचलला आणि त्याच्या बारकोडवरून अंगठी फिरवली. बारीकसा टीक आवाज आला. मग तिने ओरायनच्या केसांत हात घातला, कानातलं बटणाएवढं यंत्र उपटून माइकला टेकवलं.

कर्ण्यातून गाडीतल्या स्कायचा वैतागलेला आवाज सगळ्या हॉलभर घुमला: "डॅरन, हा नंबर कुठेच सापडत नाहीये. बोट नीट फिरव ना! आणि जरा जास्त वेळ घूम!"

डॅरन! तर बाबांचं नाव डॅरन होतं. बाहेरच्या गाडीपाशी सार्जंटचा माणूस आधीच उभा होता. डॅरनला सार्जंट मुलरने स्वतः खांद्याला धरून नेलं. अनवाणी पायांनी खडीवरून चालताना त्याची जी कसरत चालली होती, त्यात दिव्य काही नव्हतं.

पण रोझाल्बाचं संपलं नव्हतं. तिने दवाखान्यातलं रेघा वाचायचं यंत्र काढलं आणि बिटाच्या नळीवर रोखलं. टीक. मग तिने काकूंच्या पुडक्यातली सोनेरी टिकली त्या रेघांवर डकवली आणि यंत्र पुन्हा रोखलं. काहीच नाही. पुन्हा. काहीच नाही.

"बघा. हा तुमचा चमत्कार. आजार पुसला गेला नाही, पत्ता पुसला गेला. पाकिटावरचा पत्ता खोडला तर पत्र पोचत नाही, म्हणून आतली बातमी खोटी ठरते का? या रेघा गज नाहीत. तुमचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून त्या असतात. त्यांच्यात ना शाप, ना आशीर्वाद. फक्त एक नंबर."

"पण आमच्याबद्दलचं सगळं त्याला कळलं कसं?" ब्रायनने विचारलं. आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

रोझाल्बाने खोल श्वास घेतला. "माझ्या दवाखान्यातून. पासवर्ड बाहेर गेला आणि मला कळलं नाही. तुमची गुपितं सांभाळायची जबाबदारी माझी होती. मी कळवलंय, चौकशी होईल, आणि तुम्हाला माझ्यावर चिडायचा हक्क आहे."

ग्लेनिस भिंतीपाशी उभी राहिली. "पासवर्ड मी दिला," ती म्हणाली. बस एवढंच. कुणी हूटिंग केलं नाही.

सगळे लगेच शहाणे झाले असं मात्र नाही. नोएलीन दाराशी थांबून म्हणाली, "तो लबाड असेल, पण टिकल्यांत काहीतरी असेलच की. माझा गुडघा थांबला होता." रोझाल्बा थकली होती, तरी म्हणाली, "का थांबला ते मला नाही माहीत. सोमवारी दाखवायला या, बघू. पण टिकली घरी ठेवून या." नोएलीनने आपली टिकली पर्समध्ये जपून ठेवली. सोमवारी ती आली हे मात्र खरं.

आणि ज्यांनी ज्यांनी टिकल्या लावल्या होत्या त्यांचं रक्त पुन्हा काढलं गेलं. दोघांचे आकडे इतके बिघडलेले होते की त्यांना त्याच दिवशी शहरात पाठवावं लागलं. चमत्काराने त्यांना बरं केलं नव्हतं, फक्त बिघाड लपवून ठेवला होता. आणखी महिनाभर लपला असता तर काय झालं असतं, ते रोझाल्बाने त्यांच्या बायकामुलांना सांगितलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळीच ती शहरातल्या रुग्णालयात गेली होती. काका उशीला टेकून बसले होते. गाल आत गेलेले, हाताला सुयांचे काळे-निळे डाग. ऑगस्ट पेनरोझची हकीकत ऐकून ते हसले, मग खोकले.

"मी असा कसा गं भुललो?"

"तुम्हाला सुया टोचून टोचून कंटाळा आला होता, काका. तो म्हणाला, आता नको. तुम्हाला तेच ऐकायचं होतं. कुणालाही ऐकायचं असतं."

"मग या बाबाच्या जागी आता तू," काका म्हणाले. "तू सांगशील तसं करीन. डोळे मिटून."

"नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की बाजूच्या खाटेवरचा माणूस दचकला. "डोळे मिटायचे नाहीत. माझ्यापुढेही नाही. मी डॉक्टर आहे म्हणून मानू नका. मी देते ते काय आहे, कशाला आहे, नाही घेतलं तर काय होईल, हे विचारा. मला सांगता आलं नाही तर मला सोडून दुसऱ्याकडे जा. जो प्रश्न विचारू देत नाही, त्याने झगा घातलेला असो की पांढरा कोट, त्याच्या हाती आपला जीव द्यायचा नाही."

काकांनी टेबलावरचं इन्सुलिनचं पेन उचललं, चष्मा नाकावर चढवला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला.

"इतकी वर्षं टोचतोय," ते म्हणाले, "पण हे आत जाऊन नक्की करतं काय?"

रोझाल्बाने खुर्ची खाटेजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.